शनिवारी रात्री डाळ भिजवा

पत्र

‘मी ४३ वर्षांची आहे. राहायला डोंबिवलीत, नोकरी फोर्टला. सकाळी सहा पन्नासला घर सोडते. घरात नवरा, दहावीतला मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. गेल्या महिन्यात सारखा थकवा यायला लागला म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन १०.२ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि “प्रोटीन वाढवा, सकाळी उपाशी राहू नका” असं सांगितलं. माझी सकाळ चहा-बिस्किटांवर भागते. अकरा वाजले की हात थरथरायला लागतात, मग कॅन्टीनचा वडापाव. मोबाइलवर बघून ओट्स, चिया, ग्रीक योगर्ट आणून पाहिलं. मुलगा हात लावत नाही आणि दर महिन्याला तो खर्च परवडणारही नाही. ओळखीच्या एक बाई तीन हजारांचा प्रोटीन पावडरचा डबा घे म्हणतात. अंडी मी खाते, पण सासूबाईंमुळे घरात आणता येत नाहीत. पाचला उठून तीन डबे करते, त्याहून लवकर उठणं मला जमणार नाही. आदल्या दिवशी करून ठेवता येईल असं, घरचं आणि पोटभरीचं काय करू?’

उत्तर

प्रिय ताई,

पावडरचा डबा घेऊ नका आणि पाचच्या आधी उठूही नका. तुम्हाला हवं ते सगळं तुमच्या घरातल्या डाळी-कडधान्यांच्या डब्यांत आहे. ते ताटात पुरेसं येत नाही, आणि सकाळी तर अजिबातच येत नाही, एवढीच अडचण आहे. ती सुटण्यासारखी आहे.

पण आधी रक्ताचं बघू. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. १०.२ नुसत्या नाश्त्यानं भरून येत नाही. गोळ्या चालू ठेवा. त्या चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका, दोन्हींमुळे लोह अंगी लागायला अडथळा येतो. लिंबूपाण्याबरोबर घेतल्या तर चांगलं. आणि डॉक्टरांना एवढं विचाराच की हे कमी का झालं. पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल तर आपण बायका तो अंगावर काढतो आणि कोणाला सांगत नाही. कृपा करून सांगा. शाकाहारी घर आहे, तर बी-१२ तपासून घ्यायचं का, हेही त्याच भेटीत विचारा.

आता प्रथिनांचा हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमचं वजन ५८ किलो धरलं तर ४८ ग्रॅम. पत्रावरून मी तुमच्या दिवसाचा अंदाज बांधला आहे. दिवसभराच्या चहातलं दूध मिळून ५ ग्रॅम, चार बिस्किटांचे २. डब्यातल्या तीन पोळ्यांचे ९, भाजीचे २. संध्याकाळच्या मूठभर चिवड्याचे ३. रात्री दोन पोळ्या ६, थोडा भात २ आणि पातळ वरण ३. सगळे मिळून झाले ३२. वडापाव धरला तरी ३५-३६ च्या वर जात नाही. म्हणजे रोज १२ ते १६ ग्रॅम कमी पडतात. सकाळच्या एका खाण्यात १५ ग्रॅम आले की बहुतेक भरपाई तिथेच होते आणि अकराची थरथरही थांबायला मदत होते. चहा-बिस्किटांवर चार तास निघत नाहीत.

तर मुगाच्या धिरड्यांपासून सुरुवात करा. नोकरी करणाऱ्या बाईला यापेक्षा सोयीचा नाश्ता मला माहीत नाही.

शनिवारी रात्री अर्धा किलो हिरवे मूग धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला. सकाळी दाण्यावर नख दाबलं की तो सहज दुभंगला पाहिजे. पाणी काढून टाका आणि मूठभर भिजवलेले तांदूळ, आलं, चार-पाच मिरच्या, चमचाभर जिरं घालून वाटा. पाणी अगदी बेतानं. पीठ पळीतून पडेल पण पळीला चिकटूनही राहील इतकं दाट हवं. ते स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरून लगेच फ्रीजमध्ये. मीठ, कांदा, कोथिंबीर आत्ता घालू नका. कांद्याला पाणी सुटतं आणि पीठ लवकर आंबतं. रोज लागेल तेवढं वाडग्यात काढायचं आणि तेवढ्यातच मीठ-कोथिंबीर घालायची. असं पीठ तीन दिवस चांगलं राहतं. इडलीच्या पिठासारखं पाच दिवस ठेवायला जाऊ नका, मुगाचं पीठ त्याच्या आधी वास मारायला लागतं.

तुम्ही पहाटे पोळ्या करताच. शेवटची पोळी उतरली की तवा तापलेलाच असतो. त्यावर पाण्याचा हबका मारा, फडक्यानं पुसा, पळीभर पीठ मधोमध घालून वाटीच्या बुडानं बाहेरच्या बाजूला फिरवत न्या. कडेनं अर्धा चमचा तेल सोडा आणि मिनिटभर झाकण. कडा आपोआप सुटायला लागल्या की उलटा. कडा सुटायच्या आधी उलथनं घातलंत तर धिरडं मोडणार. तव्याला चिकटत असेल तर तवा पुरेसा तापलेला नाही किंवा पीठ पातळ झालंय. पातळ झालं असेल तर चमचाभर तांदळाचं पीठ किंवा बेसन मिसळा. दोन धिरड्यांना सात-आठ मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात दुसऱ्या शेगडीवर भाजी होतेच.

एक गोष्ट मात्र पाळा. गरम धिरडं डब्यात भरू नका. पाच मिनिटं जाळीवर किंवा ताटात मोकळं ठेवा, मग गुंडाळी करून भरा. नाहीतर वाफेनं ओलं होतं, आणि ऑफिसात डबा उघडल्यावर ते खावंसं वाटत नाही.

अर्धा किलो मुगात वीसेक धिरडी होतात. माणशी दोन म्हटली तर चौघांचे अडीच दिवस निघाले. दोन धिरड्यांत साधारण ५० ग्रॅम मूग जातात, म्हणजे १२ ग्रॅम प्रथिनं. आत शेंगदाण्याच्या चटणीचा एक चमचा पसरला तर आणखी दोन. बरोबर थोडा चक्का नेलात तर १५ च्या वर सहज गेलात.

चक्का मुद्दाम म्हटलं. सातच्या गाडीच्या गर्दीत पिशवी कशी आडवी-तिडवी होते ते तुम्हाला सांगायला नको. दही सांडतं, चक्का सांडत नाही. आणि ज्या ग्रीक योगर्टसाठी तुम्ही पैसे मोजलेत, ते मूळात हेच आहे: पाणी निथळलेलं दही. रात्री अर्धा लिटर दुधाचं दही पंचात बांधून फ्रीजमध्येच चाळणीवर ठेवा, खाली पातेलं. सकाळी घट्ट चक्का तयार. खाली साठलेलं पाणी फेकू नका, त्यातही प्रथिनं असतात. त्यातच कणीक मळा किंवा कढीला घाला. मुलासाठी चक्क्यात चिमूटभर मीठ, जिरेपूड, किसलेली काकडी घालून द्या. धिरड्याबरोबर तो खाईल असं मला वाटतं. साखर घालून श्रीखंडाच्या वाटेला मात्र रोज जाऊ नका.

बुधवारी पीठ संपलं की मटकी. सोमवारी सकाळी निघताना पाव किलो मटकी भिजत घाला. संध्याकाळी आल्यावर उपसून ओल्या फडक्यात बांधा. मंगळवारी संध्याकाळपर्यंत मोड आलेले असतात. थंडीत जास्त वेळ लागतो, मग गाठोडं गरम कोपऱ्यात ठेवा. मोड आले की मीठ-हळद घालून झाकणावर पाणी ठेवून वाफवून घ्या, दाणा अख्खा राहील इतपतच, आणि गार करून फ्रीजमध्ये. दोन-तीन दिवस छान राहते. सकाळी कढईत मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, मटकी, वरून लिंबू. पाच मिनिटांचं काम. डब्यातल्या पोळीत भरून गुंडाळी केली की हातात धरून खाता येते.

लोक समजतात की मोड आले म्हणजे प्रथिनं वाढली. तसं होत नाही. मूठभर मटकीत जेवढी प्रथिनं होती तेवढीच मोड आल्यावरही साधारण राहतात. दाणा पाण्यानं फुगतो, म्हणून वाटी लवकर भरते इतकंच. मोडांचा खरा फायदा निराळा आहे. क जीवनसत्त्व तयार होतं, लोह अडवून धरणारी फायटेट कमी होतात आणि पचायला हलकं पडतं. तुमच्यासारख्या रक्त कमी असलेल्या बाईला हे सगळं हवंच आहे. वर लिंबू पिळायचं तेही त्याचसाठी. आणि चहा त्याबरोबर नको, तासभर तरी मागे-पुढे. उठल्या-उठल्या चहा घ्या आणि नाश्ता ऑफिसात पोचल्यावर करा, म्हणजे आपोआप अंतर पडतं. कच्चे मोड मात्र शक्यतो टाळा. ओल्या, उबदार फडक्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात. सासूबाईंना आणि मुलाला तर वाफवलेलेच द्या.

आता गुरुवार-शुक्रवार. यासाठी मी खानदेशातल्या फुणक्यांची शिफारस करते. मुंबईकडच्या घरांत हा पदार्थ फारसा होत नाही याचं मला वाईट वाटतं. दोन वाट्या तूरडाळ आणि एक वाटी हरभरा डाळ चार तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळून भरड वाटायची. गुळगुळीत वाटली तर फुणके चिकट होतात, डाळीचे कण दाताखाली आले पाहिजेत. त्यात ठेचलेला लसूण, मिरची, बारीक चिरलेला कांदा, भरपूर कोथिंबीर, हळद, मीठ. मुठीत दाबून लांबट मुटके करा आणि चाळणीला तेलाचा हात लावून पंधरा मिनिटं वाफवा. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झाले. खानदेशात हे गरम कढीबरोबर खातात, तुमचं एक रात्रीचं जेवण त्यात होऊन जाईल. जास्तीचे करून ठेवा. दोन दिवस सकाळी ते हातानं कुस्करून तेल-मोहरीची फोडणी दिली, वर ओलं खोबरं आणि लिंबू घातलं की डबा तयार. हवं तर तुकडे तव्यावर खरपूस परता. त्यात तेल फार नाही, तळण नाही, आणि जवळजवळ सगळी डाळच आहे. माणशी ५० ग्रॅम कोरडी डाळ पोटात गेली की ११ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळाली.

कोथिंबीर वडीचंही तसंच. बहुतेक घरांत ती सणावारी तळली जाते. पण बेसन, कोथिंबीर, तीळ, आलं-मिरची मळून केलेला उंडा वाफवून न कापता फ्रीजमध्ये ठेवला तर तीन दिवस टिकतो. सकाळी चार चकत्या कापायच्या आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून भाजायच्या. मुलगा धिरड्याला कंटाळला की हे काढा.

पोह्यांना सुट्टी द्या असं मी म्हणणार नाही. पोह्यांची भरलेली ताटली म्हणजे ६० ग्रॅम कोरडे पोहे, त्यात प्रथिनं जेमतेम चार ग्रॅम. त्यातले निम्मे पोहे कमी करा आणि तेवढीच वाफवलेली मटकी किंवा मटार घाला, मूठभर शेंगदाणे घाला. ताटली तेवढीच राहते, प्रथिनं १२ च्या घरात जातात. उपम्याचंही असंच करता येईल. घरच्यांच्या जिभेला ओळखीचं तेच द्यायचं आणि आतलं प्रमाण बदलायचं. मुलगा ओट्सला हात लावत नाही यात मला काही वावगं दिसत नाही.

ओट्स आणि चियाबद्दल सांगायचं तर, दोन्ही वाईट नाहीत, पण तुमच्या गरजेला ती योग्य नाहीत. चाळीस ग्रॅम ओट्समध्ये पाच ग्रॅम प्रथिनं, चमचाभर चियात दोन. मोबाइलवर ओट्स-चिया भिजवलेली बरणी दाखवतात, तीत जी प्रथिनं असतात ती मुख्यतः दुधातून आणि दह्यातून आलेली असतात. नाचणीचंही तेच. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम, सासूबाईंना नाचणीची आंबील जरूर द्या, पण तिच्यात प्रथिनं १०० ग्रॅमला सातच. ज्वारीत दहा, बाजरीत अकरा, म्हणजे गव्हाच्याच आसपास. मुगात मात्र चोवीस, बेसनात बावीस, सोयाबीनच्या वड्यांत बावन्न. शेंगदाण्यात पंचवीस असतात, पण निम्मा दाणा तेलाचा. म्हणून शेंगदाणे चटणीत, कुटात, पोह्यांत घाला, नुसते वाटीभर खाऊन प्रथिनं गाठायला जाऊ नका.

धान्याला कमी लेखू नका मात्र. गहू-तांदळात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात पुरेसं. दोन्ही एकत्र आली की पुरं पडतं. धिरड्यात मूठभर तांदूळ घालायचे ते कुरकुरीतपणासाठी, पण या कारणानंही ते योग्यच आहेत. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांच्याबरोबर हरभरा डाळ आणि उडीद असतात, आणि म्हणून ती भाजणी इतकी चांगली आहे. पुढची भाजणी करताना डाळींचं माप सव्वापट-दीडपट करा. चवीत बिघडत नाही, थालीपीठ खमंगच होतं.

भाजणीवरून सासूबाईंकडे येते. अंड्यावरून घरात वाद नको. तुम्हाला अंडी चालतात ना, मग ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वडापावाऐवजी आठवड्यातून तीन-चारदा दोन उकडलेली अंडी घ्या. बारा ग्रॅम प्रथिनं आणि बी-१२ सुद्धा मिळेल. त्यांच्या स्वयंपाकघरातला त्यांचा नियम राहू द्या. त्या बदल्यात त्यांच्याकडून त्यांचं शिकलेलं मागा. ७१ वर्षांच्या बाईला भाजणी, सातूचं पीठ, मेतकूट, सांडगे हे सगळं हातखंडा येत असण्याची शक्यता फार आहे. उन्हाळ्यात मुगाच्या किंवा मटकीच्या डाळीचे सांडगे घालून ठेवले की वर्षभर घरात भाजी नसली तरी कढईत कांदा परतून त्यावर सांडगे आणि पाणी, वीस मिनिटांत जेवण. आदल्या दिवशी कशाला, आदल्या वर्षी करून ठेवलेलं प्रोटीन आहे ते. त्यांना सांगा की सूनबाईचं रक्त कमी झालंय आणि डॉक्टरांनी प्रोटीन वाढवायला सांगितलंय. आपल्या हातचं कुणाच्या तब्येतीला उपयोगी पडतंय हे कळलं की या वयातल्या बायका किती हुरूपानं कामाला लागतात हे मी पाहिलं आहे. वाटण-घाटण जड काम आहे, ते त्यांच्यावर टाकू नका. भाजणीचं प्रमाण आणि नजर त्यांची, मिक्सर मुलाचा.

सातूचं पीठ मात्र लगेचच करून ठेवा. भाजलेले गहू आणि फुटाण्याचं डाळं समप्रमाणात घेऊन वेलदोड्याबरोबर दळा. ज्या दिवशी गजर ऐकू आला नाही, त्या दिवशी चार चमचे सातू, पेलाभर दूध, थोडा गूळ. दोन मिनिटांत १२-१३ ग्रॅम. गाडी पकडायची असते तेव्हा एवढं पुरे. आणि पर्समध्ये फुटाण्यांची पुडी कायम असू द्या. मूठभर फुटाण्यांत सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि ते लवकर खराब होत नाहीत. संध्याकाळच्या गाडीत चिवड्याऐवजी तेच खा.

रात्रीच्या जेवणासाठी तीन गोष्टी सांगते, सगळ्या घाईच्या. खिचडीत आपण दोन वाट्या तांदळाला एक वाटी मूगडाळ घालतो. ते एकास एक करा, पाणी थोडं वाढवा, वर तुपाचा चमचा, बाजूला ताक. दुसरं, वरणफळं. तूरडाळ दाट शिजवून फोडणी द्या, कणकेच्या पोळीचे तुकडे त्यात सोडा, आमसूल आणि गूळ. पोळ्या वेगळ्या लाटत बसायला नको, एकाच पातेल्यात सगळं. तिसरं, कुळथाचं पिठलं. दहा मिनिटांत होतं, भाताबरोबर किंवा भाकरीबरोबर चालतं, आणि कुळथात बाविसेक टक्के प्रथिनं आहेत. महिन्यातून दोनदा सोयाबीनच्या वड्या भिजवून, घट्ट पिळून, कांदा-टोमॅटोत खिम्यासारख्या परता. पिळताना आळस केला तर वास राहतो आणि मग घरात कोणी परत खात नाही.

आता जे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत ते विचारते. रात्री वरण कोण वाढतं आणि शेवटी कोण बसतं? आपल्याकडे उसळ केली की मुलाच्या ताटात दाणे, नवऱ्याच्या ताटात दाणे, आणि वाढणारी पातेल्याच्या तळाशी उरलेला रस्सा भातावर घेते. वर्षानुवर्षं असंच चालतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. घरात डाळ आणि कडधान्यं शिजूनही बाईचं हिमोग्लोबिन १० पर्यंत खाली येतं, त्यात या एका सवयीचाही वाटा असू शकतो. तुम्ही त्यात नसाल तर फार चांगलं. असाल, तर आजपासून चौघांच्या वाट्या आधी भरा, तुमचीही, आणि मग पातेलं टेबलावर ठेवा. उसळीची एक पूर्ण वाटी तुमची. वरण पातळ नको, चौघांना मिळून रोज किमान दीडशे ग्रॅम कोरडी डाळ शिजली पाहिजे.

आणि तीन डबे, नाश्ता, भिजवणं, वाटणं हे सगळं तुम्हीच करायचं असेल तर ही योजना तीन आठवड्यांत बंद पडेल. त्यात तुमची चूक नसेल. थकलेल्या माणसाला आणखी काम देणारा सल्ला मला द्यायचा नाही. म्हणून शनिवारी मूग भिजवणं आणि रविवारी वाटणं हे यजमानांचं. मटकी उपसून फडक्यात बांधणं मुलाचं, तो दहावीत आहे म्हणून काही बिघडत नाही, पाच मिनिटांचं काम आहे. चक्का बांधणंही त्याला शिकवा. तुम्ही फक्त सकाळी तव्यासमोर.

साठवणीचं थोडं. शिजवलेलं काहीही दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, उन्हाळ्यात तर त्याहून लवकर. मोठं पातेलं तसंच आत ढकलू नका, पसरट डब्यांत घाला म्हणजे लवकर गार होतं. वाफवलेली मटकी चिकट लागली किंवा पिठाला आंबूस वास आला तर चाखून बघत बसू नका, टाकून द्या. डोंबिवलीत पावसाळ्यात वीज तासन् तास गेली तर त्या दिवशी फ्रीजमधलं पीठ त्याच रात्री संपवा.

घरात कोणाला मूत्रपिंडाचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर त्यांच्यासाठी डाळी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. सासूबाईंची मागची तपासणी कधी झाली ते बघून घ्या. ती ठीक असेल तर त्यांनाही प्रथिनं लागतातच, या वयात स्नायू झपाट्यानं कमी होतात. धिरडं चावायला कठीण जात असेल तर मोडाच्या मुगाचं कळण करून द्या, जिऱ्याची फोडणी आणि थोडं ताक घालून.

त्या पावडरबद्दल शेवटचं, कारण ओळखीच्या बाई पुन्हा विचारतील. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी घेऊ नका असंच सांगितलं आहे. पैशाचा हिशेबही करून बघा. तीन हजारांत वीसेक किलो मूग येतात, त्यात पावणेपाच किलोच्या आसपास प्रथिनं असतात. किलोभराच्या डब्यात चांगल्यातली चांगली पावडर असली तरी तीत प्रथिनं किलोच्या आतच. त्या बाईंना नम्रपणे सांगा की मी घरचंच खाणार आहे.

पहिल्या आठवड्यात सगळं एकदम करू नका. फक्त धिरडी आणि चक्का. डाळींची सवय नसलेल्या पोटाला एकदम जास्त झालं तर गॅस होतो, मग लोक डाळीलाच दोष देतात. भिजवलेलं पाणी टाकून द्या, पिठात हिंग आणि आलं सढळ हातानं घाला, पाणी भरपूर प्या. लोहाच्या गोळ्यांमुळे पोट कडक होत असेल तर त्यालाही त्यानं आराम पडेल. दुसऱ्या आठवड्यात मटकी आणा, तिसऱ्यात फुणके. डॉक्टरांनी रक्त पुन्हा कधी तपासायला सांगितलंय ती तारीख फ्रीजच्या दारावर लावून ठेवा, आणि तो अहवाल आला की मला आकडा कळवा. मी वाट बघते आहे.